अंगोलाहून आलेला पाहुणा

४ फेब्रुवारी

आज पुन्हा माकडच! बेलारमिनो आजोबांना लढाईचं काहीही विचारा, गाडी त्या माकडावर येऊन थांबते. अंगोलात त्यांच्या छावणीत कुणीतरी पाळलेलं. कप्तानाची टोपी पळवणारं, सलाम ठोकणारं. आजोबा उठून तो सलाम करून दाखवतात. गुडघा कुरकुरतो, आम्ही हसतो. आजोबा म्हणजे आजीचा धाकटा भाऊ — शहात्तर साली आमच्या बेटावरून तिकडे लढायला गेले, धडधाकट परत आले. त्यांच्या लढाईत कुणी मरतच नाही. डबाबंद मांस, मलेरिया आणि माकड.

मी सगळं फोनवर टेप करतेय. जायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून घ्यायचं ठरवलंय. एकदा माद्रिदला गेले की कोण सांगणार? आणि मी परत येईन तेव्हा इथे असणार तरी कोण — हे आईसमोर बोलायचं नाही.

टेप बंद केल्यावर सहज विचारलं, "आणि ओस्मेल मामाचं काय झालं?"

ओस्मेल म्हणजे आईचा मोठा भाऊ. अंगोलात गेला तो गेलाच. बैठकीच्या भिंतीवर फोटो आहे. गणवेश, एक भुवई वर, आत्ता हसेल असा चेहरा. मी त्या फोटोखालीच वाढले आणि आजवर विचारलं नाही!

आजोबांनी कप खाली ठेवला. "तुझ्या आजीला विचार."

मग काठी घेऊन दारापर्यंत गेले, आणि वळून — "नको. तिला नको विचारूस."

५ फेब्रुवारी

सकाळपासून वीज नाही. फोन मेलेला. विचारलं नाही.

७ फेब्रुवारी

विचारलं.

आजी दारातल्या डुलत्या खुर्चीत काळ्या घेवड्यातले खडे निवडत होती. डोळे जवळजवळ गेलेत, पण बोटांना सगळं दिसतं. आधी तिचीच लढाई विचारली. अठ्ठावन्न सालची, क्रांतीची, सरकारी विमानं यायची तेव्हाची. खुलून बोलली. गावातली माणसं गुहेत लपायची. गुहेत पाद्री होता, शेजारी गावातली बदनाम बाई होती, आणि काळोखात कुणाचा हात कुठे जातोय हे कुणालाच कळत नव्हतं! "मेल्या विमानांनी बाँब कमी टाकले, लग्नं जास्त जुळवली." मी हसून हसून लोळले.

त्याच हसण्यात विचारून टाकलं, "आजी, ओस्मेल मामा गेला तेव्हाचं सांग ना."

बोटं थांबली नाहीत. खडा उचलला, टाकला.

"कुठल्या वेळचं?" म्हणाली.

"म्हणजे?"

"दोनदा गेला तो. कुठल्या वेळचं सांगू?"

मला वाटलं वयामुळे घोळ होतोय. पण आवाज अगदी साफ होता. भाजीवाल्याला 'कुठला भोपळा देऊ' विचारावं तसा. पुढे ती खडेच निवडत राहिली. रस्त्यावरून पाववाला शिट्टी वाजवत गेला.

८ फेब्रुवारी

आईला म्हटलं, "आजी म्हणते, मामा दोनदा गेला." आई मशीनवर शाळेचा गणवेश शिवत होती. पाय थांबले. "कुणी सांगितलं तिला बोलायला?" एवढंच म्हणाली. आणि मशीन पुन्हा जोरात चालवायला लागली.

११ फेब्रुवारी

आईने सांगितलं. एकदम नाही. तुकड्यातुकड्यानं, शिवता शिवता, माझ्याकडे न बघता. जमेल तसं जोडून लिहिते.

सत्त्याऐंशीचा ऑगस्ट. आई आठ वर्षांची. ओस्मेल मामाला जाऊन वर्ष व्हायला आलेलं, आणि बरेच महिने त्याची काही खबर नाही. दुपारची वेळ, सगळा रस्ता झोपलेला. आई मागच्या अंगणात. तिला दारावरची थाप ऐकू आली, आजीचा आवाज ऐकू आला. मग आजीने हाक मारली — "पाणी आण गं, पाहुण्याला."

आई पाणी घेऊन आली तेव्हा तो खुर्चीत बसलेला. शिपाई. दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे खाली. शाळेत मुलं फोटोला बसतात तसा. पेला घेतला, एका घोटात संपवला. परत दे म्हणाला. परत. आई माठाकडे हेलपाटे घालत राहिली. "तहान भागेचना त्याची," आई म्हणाली. "आणि पाणी पिताना गळा हलत नव्हता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मी आठ वर्षांची होते, मला वाटलं असेल."

मग तो बोलायला लागला. सावकाश, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं.

तुमचा मुलगा गेला, म्हणाला. ट्रकांची रांग नदीकडे चालली होती. शेवटचा ट्रक तो चालवत होता. पुढच्या सगळ्यांच्या चाकांना जे लागलं नाही, ते त्याच्या चाकाला लागलं. सुरुंग. त्याला काठावर झाडाखाली आणून ठेवलं. फार दुखलं नाही. पाणी मागितलं, ते मिळालं. आज वार कुठला, असं विचारलं. आणि शेवटी म्हणाला — आईला सांगा, कबुतरं सोडून दे म्हणावं. आता त्यांना दाणे कोण घालणार.

एवढं सांगून तो उठला, आणि गेला.

आजी रडली नाही. त्याची खुर्ची होती तिथली फरशी पुसत बसली. लाल धूळ होती म्हणे, पिठासारखी बारीक. पुसली की पाण्याला रंग यायचा, पण फरशीवरून जायची नाही.

"आई," मी म्हटलं, "पण हे सगळं बरोबरच आहे ना? मामा सुरुंगानेच गेला ना?"

"हो."

"मग दोनदा कसा?"

आईने दोरा दाताने तोडला. एरवी ती मला नावाने हाक मारत नाही. "तो अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये गेला, दुनिया. तो माणूस आला ऑगस्टमध्ये. आधीच्या ऑगस्टमध्ये."

१२ फेब्रुवारी

झोप नीट लागली नाही. सकाळी ती खुर्ची बघितली. तीच आहे. तिच्यावर इस्त्रीचे कपडे पडलेले असतात. मी कधी कुणाला तिच्यावर बसलेलं बघितलंय का? आठवत नाही.

१३ फेब्रुवारी

आजोबांकडे गेले. आता मला माहीत आहे म्हटल्यावर मोकळे झाले.

तेही त्या दिवशी घरात होते! आतल्या खोलीत लवंडले होते, आवाजाने बाहेर आले. म्हणाले, उंच काळा गडी होता, खांदे दारात मावेनात. मी म्हटलं, आई तर म्हणते बारीक, गोरटेला, मिसरूड फुटलेला पोरगा. आजोबा चिडले. "तुझी आई तेव्हा बाहुल्या खेळत होती. मी माणसं ओळखतो. अंगोला बघून आलोय मी!" पण हात कसे ठेवले होते विचारलं, तर स्वतःचेच हात गुडघ्यांवर ठेवून दाखवले. तळवे खाली.

आणखी एक. तो गेल्यावर आजोबा त्याच्या मागे धावले. कुठली तुकडी, नाव काय, विचारायचं राहिलं होतं. रस्ता सरळ, दोन्हीकडे बंद दारं. समुद्रापर्यंत मोकळा. पलीकडे रुफीना बाई ओट्यावर पंख्याने वारा घेत बसलेली. तिला विचारलं, आत्ता शिपाई कुठे गेला? ती म्हणाली, "कसला शिपाई? तुमच्या दारात कुणी आलंच नाही. मघापासून तुझी बहीण एकटीच दार उघडून उभी होती. म्हटलं, उन्हात काय बोलतेय ही स्वतःशी!"

आजोबांनी हे सांगितलं आणि लगेच माकडाची गोष्ट सुरू केली. मी पूर्ण ऐकली. ती कशासाठी सांगतात ते आज कळलं.

१५ फेब्रुवारी

आईकडून आणखी थोडं.

आजीने काळे कपडे चढवले. आजोबा — माझे सख्खे, आईचे वडील, मी त्यांना पाहिलेलं नाही — ओल्गीनला लष्करी कचेरीत गेले. तिथे कागद चाळून सांगितलं, तुमचा मुलगा हयात आहे. कुणी सांगितलं तुम्हाला? कोण होता तो, त्याला पकडायला हवा. आजोबा हसत घरी आले. आजीने काळं उतरवलं नाही. "कचेरीला नंतर कळतं," म्हणाली.

आणि डिसेंबरमध्ये तो दारात उभा! ओस्मेल मामा! रजा मिळाली होती. उन्हाने रापलेला, खांद्यावर पिशवी. आजी चुलीपाशी, अंगावर काळं. तो म्हणाला, "काय गं, कोण गेलं?"

आजी त्याच्याजवळ गेली. मिठी मारली नाही. आधी कान चाचपले, मग दंड, मग गुडघे. बाजारात कोंबडी चाचपतात तसं. मग म्हणाली, "वेलास्कोची माझी मावसबहीण." अशी बहीणच नव्हती.

तो अंघोळीला गेल्यावर सगळ्यांना जवळ बोलावलं. "त्याला यातलं एक अक्षर सांगाल तर माझं मेलेलं तोंड बघाल."

पंधरवडाभर घरात गाणी, डुक्कर भाजलं, शेजारीपाजारी, दारू. सगळे हसायचे. तो दुसरीकडे बघतोय असं दिसलं की सगळे त्याच्याकडे बघायचे. आईचे शब्द — "तो जेवत असला की मला वाटायचं, फोटो जेवतोय."

१६ फेब्रुवारी

विमानाचं तिकीट निघालं. मार्चचा मधला आठवडा. आजीला सांगितलं. "बरं," म्हणाली. मग — "तिथून बोलत जा. रोज. काही नसलं तरी बोल."

१९ फेब्रुवारी

आज आई रडली. मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मशीनवर डोकं टेकून, आवाज न करता.

तिनेच सांगितलं होतं त्याला! आठ वर्षांच्या पोरीने.

तो तिला धक्क्यावर खेकडे धरायला घेऊन गेला होता. परत जायला चार-सहा दिवस उरलेले. तिच्या पोटात ते मावेना. म्हणाली, "दादा, तू मेलास. एक माणूस येऊन सांगून गेला." तो खो खो हसला. म्हणाला, "मग भुताला खेकडा चावतो का बघू!" आणि बोट पुढे केलं. तिने सगळं सांगितलं. नदी, शेवटचा ट्रक, झाड, पाणी. तो हसतच होता. "छान मेलो की मी! नदीकाठी, सावलीत. आमच्यात एक जण संडासात मेला."

मग तिने कबुतरांचं सांगितलं.

"हसायचा थांबला," आई म्हणाली. "खेकडा हातातच होता. चावत असणार, पण त्याला कळत नव्हतं. मला म्हणाला — नीट आठव. कबुतरंच म्हणाला? कोंबड्या नाही? मी म्हटलं, कबुतरंच. मला वाटलं, आता ओरडेल. त्याने माझ्या केसांतून हात फिरवला. म्हणाला, आपल्याकडे कबुतरं आहेत का गं, वेडे? मी म्हटलं, नाहीत. तो म्हणाला, मग झालं तर."

"मग?"

"मग गेला. रजा संपायच्या आधीच गेला, दोन दिवस. मार्चमध्ये कचेरीची माणसं आली. ट्रक, सुरुंग. आई त्यांना म्हणाली, मला माहीत आहे, बसा, पाणी घ्या."

आईला आयुष्यभर वाटत आलंय की तिनेच घालवलं त्याला. माणसाच्या डोक्यात मरण घातलं की माणूस त्याकडेच चालत जातो. छत्तीस वर्षं हे पोटात घेऊन ती लोकांचे गणवेश शिवतेय.

मी तिला जवळ घेतलं. पण डोक्यात दुसरंच चालू होतं — आपल्याकडे कबुतरं नाहीत? मागच्या अंगणात आत्ता घुमतायत ती कोण मग!

२० फेब्रुवारी

"आमच्याकडे कबुतरं कधी आली?" आजोबांना विचारलं.

"ती? चौऱ्याण्णवला. उपासमारीच्या वर्षांत."

मला आठवतं तेव्हापासून ती आहेत. पिंजरा आजीचा. दार उघडायला मनाई. लहानपणी एकदा मी कडी काढली होती, तर आजीने थोबाडीत दिली. आयुष्यात एकदाच.

आजोबा म्हणाले, टेकडीवर न्येवेस नावाची बाई राहायची. नवरा नाही, एक मुलगा. कबुतरांचा नाद तिच्या मुलाचा. पण तो गेल्यावर तीच सांभाळायची, सगळ्या गावात कबुतरवाली म्हणून ओळख. चौऱ्याण्णवला ती वारली. आजी त्या दिवशी ढकलगाडी घेऊन टेकडी चढली आणि पिंजरे घेऊन आली. "गावात मांजरं शिल्लक नव्हती तेव्हा. मी म्हटलं, क्लोतिल्दे, रस्सा कर! तर माझ्यावर झाडू उगारला."

"न्येवेसचा मुलगा गेला म्हणजे? कुठे गेला?"

"अंगोलाला. ओस्मेलबरोबरच. एका वर्गातले, एकाच बोटीने गेले."

मी ताडकन उठले.

"मेला?"

"एव्हेलिओ? छे! चांगला आहे. वेलास्कोला सासुरवाडीत राहतो. सायकली दुरुस्त करतो. का गं, काय झालं?"

२१ फेब्रुवारी

आजी पिंजऱ्याशी बोलत होती. ऐकायला गेले तर गप्प.

२७ फेब्रुवारी

वेलास्को. पेट्रोल नाही म्हणून आठवडा गेला. शेवटी निम्मा रस्ता ट्रकने, निम्मा घोडागाडीने.

एव्हेलिओ काका साठीचे. एक कान गेलेला, म्हणून बोलणाऱ्याकडे मान वाकडी करून बघतात, पाखरासारखी. नाव सांगितलं, क्लोतिल्देची नात. हातातलं चाक त्यांनी हळूच भिंतीला टेकवलं.

"पाठवलं का तिनं तुला? अखेर?"

"नाही. तिला माहीत नाही मी आलेय."

बायकोला कॉफी टाकायला सांगितली. आंब्याखाली बसलो. त्यांनी मला काही विचारू दिलं नाही, स्वतःच सुरू झाले. असं वाटलं की हे बोलणं कधीपासून तोंडाशी येऊन थांबलं होतं.

शेवटचा ट्रक त्यांचा होता. एव्हेलिओ काकांचा. नेहमी तेच चालवायचे.

"रजेवरून ओस्मेल आला तो बदलूनच आला. आधी गप्पिष्ट, आता नुसता माझ्या मागे. मी जेवायला गेलो की हा शेजारी. मी मुतायला गेलो तरी हा झाडामागे! मी म्हटलं, बाबा रे, लग्न करायचंय का माझ्याशी? हसायचा नाही. रोज विचारायचा, उद्या कुठे जायचंय? वाटेत नदी आहे का?"

"मग एक दिवस नदी आली. मी गाडीत चढून बसलेलो. हा आला, म्हणाला, उतर. मी शिव्या दिल्या. त्यानं कॉलर धरून खाली खेचलं मला. अक्षरशः खेचलं, बटण तुटलं. आणि वर चढून बसला. मी खालून म्हणतोय, अरे झालं काय तुला? तर म्हणाला —"

काका थांबले. कान माझ्याकडे केला, जणू मीच सांगणार होते.

"म्हणाला, तुझं काहीतरी चुकून आमच्या घरी आलंय. राहू दे. मी घेतो."

आंब्यावर पाखरं कलकलत होती.

"मला वाटलं, पार्सल! आईनं मला काही पाठवलं असेल, ते चुकून यांच्या घरी पडलं असेल. सगळी वर्षं मी विचार करतोय, काय असेल त्यात? परत आल्यावर आईला विचारलं, ती म्हणाली मी काही पाठवलंच नाही. मग तुझ्या आजीकडे गेलो. म्हटलं, मावशी, माझं काही तुमच्याकडे आलं होतं का? तिनं माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. आई वारली तेव्हा आली, एक शब्द न बोलता पिंजरे घेऊन गेली. मी अडवलं नाही. म्हटलं, तिनं पोरगा दिलाय, कबुतरं नेईना का."

मी त्यांना सांगितलं. सगळं. कॉफी निवून गेली. कबुतरांपर्यंत आले तेव्हा ते उठले, चार पावलं गेले, परत येऊन बसले.

"नदीकाठी मीच होतो त्याच्यापाशी," म्हणाले. "पाणी मी पाजलं. वार विचारला त्यानं, मंगळवार म्हणून मी सांगितलं. कबुतरांचं नाही बोलला. ती त्याची नव्हतीच ना."

मग खालच्या आवाजात —

"अजून एक जण होता तिथे. आमच्या तुकडीतला नव्हता. कुठून आला, कुणी बघितलं नाही. झाडाशी बसला होता. मी ओरडलो त्याच्यावर, अरे हात लाव की, डोकं धर! जागचा हलला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून नुसता ऐकत होता. एकेक शब्द. पाठ करत असल्यासारखा."

२८ फेब्रुवारी

काल घोडागाडीत मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. हसू येतंय आता. फार नाही.

विचार करकरून एवढंच हाती लागतं — तो माणूस दार चुकला. जायचं होतं टेकडीवर न्येवेसकडे, आला आमच्याकडे. मामाला धक्क्यावर ते कळलं. गावात कबुतरं एकाच घरी होती. मरण आपलं नाही, एव्हेलिओचं आहे, हे त्याला समजलं. तो सुटला होता! रजा संपवून, एव्हेलिओपासून लांब राहून, वर्षभरात घरी आला असता. आज साठीचा असता. मला खेकडे धरायला शिकवलं असतं.

उलट दोन दिवस आधीच गेला. उशीर होऊ नये म्हणून.

२ मार्च

आईला सांगितलं. न सांगता जाऊ शकले नसते.

तिने पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "एव्हेलिओला मुलं आहेत?"

"तीन. नातवंडंही आहेत."

"कशी आहेत?"

"दंगेखोर. धाकटीचे पुढचे दात पडलेत."

आई उठली, भांडी घासायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "म्हणजे मीच घालवलं त्याला. खरंच मीच." मी काही म्हणणार तोच — "बोलू नकोस. असू दे. आजवर नुसतं घालवलं होतं. आता निदान कुणासाठी तरी."

रात्री जेवताना दोनदा वाढून घेतलं तिने.

५ मार्च

बॅग भरतेय. मामाचा फोटो हवा होता, आजी नाही म्हणाली. "इथून कुणी नेत नाही काही."

आई म्हणते, आजीला सांगू नकोस, तिचं वय बघ. आजोबा म्हणतात, सांग. तिला वाटत आलंय की तिच्या पोराचं मरण दारात आलं आणि तिनं त्याला खुर्ची दिली. दार चुकलं होतं एवढं कळलं तरी डोकं शांत होईल म्हातारीचं.

मलाही तेच वाटतं.

९ मार्च

आज सकाळी आजीला सांगितलं. शेजारी बसून, हात हातात घेऊन. एव्हेलिओ, ट्रक, सगळं. शेवटी म्हटलं, "तो निरोप तुझा नव्हताच, आजी. न्येवेसचा होता. तो माणूस दार चुकला. तुझा त्यात काय दोष?"

आजी डुलत राहिली.

"दार चुकला होता, पण नाव नाही चुकला," म्हणाली. "उंबऱ्यातच विचारलंन त्यानं, न्येवेस तुम्हीच का?"

"मग?"

"मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर निरोप माझाच झाला."

तिने हात सोडवून घेतला नाही.

"तिकडून आला होता गं तो. ओस्मेलचं किती महिने काही कळलं नव्हतं. म्हटलं, न्येवेसला मागाहून सांगेन. आधी मला ऐकू दे."